पानाखालची दोन अक्षरं

३ तारीख, मंगळवार

आज एक खोटं बोललो आणि ते आता निस्तरायचंय.

संगीत शाळेच्या सात नंबरच्या खोलीतल्या पियानोची एक पट्टी दाबली की वर येत नव्हती, म्हणून मामा आणि मी सकाळीच गेलो होतो. मामा पियानो दुरुस्त करतो, सुरात लावतो. मी त्याची पेटी उचलतो, पाना दे म्हटलं की पाना देतो. कॉलेज सोडल्यापासून सहा महिने हेच चाललंय. (का सोडलं ते पुन्हा लिहीत नाही. ड्रॉइंगच्या सरांनी भर वर्गात माझा कागद फाडला, मी त्यांची पट्टी मोडली. फिट्टंफाट.) तेव्हापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेलो असतो आणि ते म्हणतात, "त्याला सांग, पंखा बंद कर."

तर खोलीत ती होती. चार महिने मी तिला फक्त दाराबाहेरून ऐकत होतो. आणि तिच्या बाई होत्या, चिडलेल्या. तिच्या नोटेशनची पानं उलटायला मावसबहीण यायची, तिला नोकरी लागली. "अठरा दिवसांवर परीक्षा, आणि पानं उलटायला माणूस नाही!" बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुला नोटेशन वाचता येतं का रे?"

मी म्हणालो, "येतं."

मामा पियानोच्या पोटात डोकं घालून बसला होता. त्याच्या हातातला पाना खणकन पडला. पण सख्खा भाचा म्हणून गप्प राहिला.

परीक्षा मोठ्या संगीत विद्यालयाच्या प्रवेशाची आहे. वाजवायची रचना महिनाभरच आधी कळवतात, म्हणून नोटेशन समोर ठेवलेलं चालतं. निवड झाली तर ती तीन वर्षं तिकडे जाणार. नकाशात पाहिलं. बोटाची दोनच पेरं अंतर आहे, पण मध्ये समुद्र आहे.

निवड एकाचीच होते म्हणे. एवढ्या सगळ्यांत तिचीच कशाला होईल?

५ तारीख, गुरुवार

मामानं आधी कान उपटला, मग शिकवायला बसला. तिला वाजवायचाय तो सोनाटा; मला वाटायचं सोनाटा म्हणजे लांबलचक गाणं. तो म्हणाला, "लांबलचक भांडण म्हण. पहिला विषय येतो, रुबाबात, स्वतःच्या घरच्या सुरात. मग दुसरा विषय येतो, मवाळ, पण दुसऱ्याच सुरात. ही झाली मांडणी. मग विस्तार. त्यात दोघांच्या चिंध्या होतात, नुसती वणवण, घरचा पत्ता नाही. मग परतणं. पहिला घरी येतो, आणि दुसराही येतो, पण या वेळी पहिल्याच्याच सुरात. शेवटी शेपूट, त्याला कोडा म्हणतात. बाहेर पडण्याआधी आपण खिडक्या लावून घेतो ना, तसं."

"म्हणजे शेवटी ती त्याच्या घरी येते," मी म्हणालो.

"कोण ती?"

"दुसरा विषय."

मामानं चष्म्यावरून पाहिलं. "विषय पुल्लिंगी आहे रे," म्हणाला.

८ तारीख, रविवार

पहिला सराव.

पान उलटणाऱ्यानं डाव्या बाजूला बसायचं. वेळ आली की उठायचं, डाव्या हातानं पानाचा वरचा कोपरा धरायचा, बाही तिच्या डोळ्यांसमोर येऊ द्यायची नाही. गुणगुणायचं नाही. पायानं ताल धरायचा नाही. "आणि श्वास?" मी विचारलं. "हळू घे," ती म्हणाली. ती हसत नव्हती.

तिसऱ्या पानावर मी उशीर केला, तिनं मान हलवेपर्यंत उलटलंच नाही. पाचव्या पानाच्या शेवटी एक जाड रेघ आणि दोन टिंबं होती. मी झोकात पुढचं पान उलटलं. ती थांबली. बाईंची काठी जमिनीवर आपटली.

"टिंबं दिसली नाहीत? मांडणी दोनदा वाजते. मागे जायचं, मागे!"

पान उलटताना मागेही जावं लागतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हणालो, "मग तसं लिहायचं ना!"

"लिहिलंय की," ती म्हणाली, "टिंबांत."

मग दोघी हसल्या आणि माझं नाव पडलं. पान्या. घरी आल्यावर मामाला सांगितलं तर तोही हसला. पाना देणारा तो पान्याच, म्हणाला, नुसती बढती झाली.

नवे शब्द शिकलो. अलेग्रो म्हणजे चपळ. पियानो म्हणजे हळू, मग एवढ्या धूडाला हळू का म्हणतात कोण जाणे. सुबितो म्हणजे एकदम, न सांगता. तिच्या नोटेशनमध्ये एका ठिकाणी "सुबितो पियानो" आहे. कडाक्यानं वाजवता वाजवता ती एकदम कुजबुजायला लागते. मी पुढे वाकून ऐकतो. दर वेळी.

९ तारीख, सोमवार

विस्ताराच्या मध्ये, सातव्या पानाच्या तळाशी, पहिला विषय अचानक परत येतो. मला वाटलं संपली भटकंती. मी सैल बसलो. ती म्हणाली, "फसलास ना? हे खोटं घर आहे. सूर नीट ऐक, वेगळा आहे. रचनाकारानं मुद्दाम फसवलंय." आणि पुढच्याच ओळीत असली धावपळ सुटते की तिचे दोन्ही हात पट्ट्यांवरून निघूच शकत नाहीत. तिथे मला दीड माप (दोन उभ्या रेघांमधला भाग म्हणजे एक माप) आधी उलटावं लागतं. मी नेहमी चुकतो.

१२ तारीख, गुरुवार

सांगून टाकलं. म्हणजे सरळ नाही, सोनाट्यातून.

बाई अजून आल्या नव्हत्या. ती बोटं गरम करत होती. मी म्हणालो, "मला एक कळलंय. पहिला विषय म्हणजे तापट, आडदांड. माझ्यासारखा. दुसरा शांत, तुझ्यासारखा. दोघं वेगळ्या सुरांत असतात. मध्ये खूप भटकतात. पण शेवटी दुसरा पहिल्याच्या सुरात येतो." हे मी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं. तेव्हा बरं वाटलं होतं.

ती वाजवायची थांबली नाही. मग म्हणाली, "आणि घर तुझं, हे कोणी ठरवलं?"

"मामानं सांगितलं. पहिल्याचंच असतं."

"मग मी पहिला विषय," ती म्हणाली. "तू ये माझ्या सुरात. जमेल? तिकडे, समुद्रापलीकडे?"

मी नोटेशनचा कोपरा चाचपत राहिलो. ती म्हणाली, "पान उलट, पान्या." खरं तर उलटायचं पान अजून आलंच नव्हतं.

तिनं मला बोलावलं, असाच याचा अर्थ होतो ना? दिवसभर हेच डोक्यात. मामा म्हणाला, "असा अर्थ लावायचा तर त्या मुलीनं तुला 'पाणी दे' म्हटलं तरी तू नदी घेऊन जाशील."

१४ तारीख, शनिवार

काय लिहू. डोकं भणभणतंय.

आज ती बाईंशी बोलत दाराशी उभी होती. मी नोटेशन चाळत होतो. तिसऱ्या पानाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं दोन इंग्रजी अक्षरं. व्ही. एस. सातव्या पानाखाली पुन्हा. तिथे भोवती दोनदा गोल काढलाय आणि पुढे उद्गारचिन्ह! नवव्या पानाखाली पुन्हा. अक्षर तिचंच. इतके दिवस मी वर कोपऱ्याकडेच पाहत होतो, खाली नजरच गेली नव्हती.

माणूस वहीच्या कोपऱ्यात कुणाची आद्याक्षरं लिहितो? मी या वहीच्या मागच्या पानावर कुणाची लिहिलीत?

कोण हा व्ही. एस.?

१७ तारीख, मंगळवार

सापडला.

आठ नंबरच्या खोलीत चेलोवाला बसतो (चेलो म्हणजे बसून वाजवायचं थोराड व्हायोलिन). उंच, पोक काढून चालणारा, सगळ्यांना "माफ करा" म्हणत जाणारा. त्याची चेलोची पेटी आज जिन्यात भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात, हातभर अक्षरांत: व्ही. एस.

मग सगळं जुळत गेलं. परवा तिला छत्री कोणी दिली? यानं. तिच्या खोलीचं दार हळूच लावून कोण घेतो? हाच. (आता लिहिताना वाटतं, त्याला तिचा आवाज नको असेल. पण तेव्हा नाही वाटलं.)

तो वर आला तसा मी आडवा उभा राहिलो. म्हणालो, "तिच्या नोटेशनमध्ये तुझं नाव काय करतंय?"

"माफ करा, काय?"

"सभ्यपणाचं सोंग नको. व्ही. एस. कोण?"

त्यानं पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही? जुनी घेतलीय हो. आधीच्या मालकाची अक्षरं आहेत. माझं नाव तर..." मी पुढचं ऐकलंच नाही. पेटीला हात मारला. ती जिन्यावरून चार पायऱ्या घसरत गेली. आतून असा आवाज आला की कुणीतरी झोपेत कण्हावं. तो धावत खाली गेला, पेटी उघडली, चेलोवरून हात फिरवत राहिला. मोडला नव्हता, नुसता सूर उतरला होता. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

जुनी घेतली म्हणे. मी काय काल जन्मलोय?

१९ तारीख, गुरुवार

शेवटचा सराव. ती पाणी प्यायला बाहेर गेली. तिचं खोडरबर तिथेच होतं. मी तिन्ही पानांवरची अक्षरं खोडली. सातव्या पानावरचा गोल जाता जाईना, कागद लोकरीसारखा वर आला. फुंकर मारून कचरा उडवला. तेवढ्यात ती आली. मग सराव झाला, मी एकही पान चुकलो नाही. रागात माणूस नीट मोजतो. तिची नजर कायम वरच्या ओळींवर, खाली गेली असेल असं वाटलं नाही.

बाई निघताना तिला म्हणाल्या, "परतताना दुसरा विषय असा वाजव की त्यानं काय मागे सोडलं ते ऐकू यावं. सूर बदलला म्हणजे तो सुखी झाला असं नाही." मी दारात होतो. माझ्याकडे पाहून म्हणाल्या असं वाटलं. पण त्यांना काय माहीत.

घरी आलो. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

२० तारीख, शुक्रवार

दुपारचे तीन. हे लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

सकाळी मामाबरोबर परीक्षेच्या सभागृहात गेलो. तिथला मोठा पियानो सुरात लावायचा होता. कुणा उमेदवाराचं जुनं नोटेशन तिथेच राहिलं होतं. मी सहज उघडलं. पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, चक्क छापलेलं: व्ही. एस.

म्हणजे याचं नाव आता पुस्तकांतही छापतात?

"मामा," मी म्हणालो, "हा व्ही. एस. कोण?"

मामा तार ताणत होता. थांबला. माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, पण पाना खाली ठेवून खुर्चीत बसला आणि पोट धरून हसला. डोळे पुसले. "कोण? तू! गाढवा, तूच. व्होल्ती सुबितो. लवकर पान उलट. वाजवणारे स्वतःसाठी नाहीतर पान उलटणाऱ्यासाठी लिहून ठेवतात. हजार वेळा पाहिलंय मी."

सुबितो. एकदम, न सांगता. अर्धा शब्द मला येत होता.

मग सगळं सांगावं लागलं. चेलो, जिना, खोडरबर. तसा तो हसायचा थांबला. "वा," म्हणाला. "पानं उलटायला गेला आणि स्वतःचा पानउतारा करून आला. त्या पोराची माफी माग आधी."

"आणि तिला?"

"उद्या तिची परीक्षा आहे. आज सांगशील तर तुझं मन हलकं होईल. तिचं?"

बाईंनी तिला आज पियानोला हात लावू नकोस म्हणून सांगितलंय. नोटेशन तिच्याकडे आहे. म्हणजे खुणा परत लिहिता येणार नाहीत. तीन, सात, नऊ. मी पाठ करतोय. मापं टेबलावर बोटांनी मोजतोय. आई दोनदा डोकावून गेली.

आणि आता जे लिहितो ते कुणी वाचू नये. मोजता मोजता मनात आलं, सातव्या पानावर नुसता उशीर केला तर? दीड माप. म्हणजे एक श्वास. कुणाला कळणारही नाही, घाबरला पोरगा म्हणतील. ती इथेच राहील. सात नंबरच्या खोलीत. रोज.

हे मनात आलं आणि मी लगेच झटकलं असं लिहिणार होतो. लगेच नाही झटकलं. बराच वेळ त्याच्यासोबत बसलो.

२१ तारीख, शनिवार

आधी घडलं ते क्रमानं.

सभागृहात तीन परीक्षक, लांब टेबल. तिनं नोटेशन ठेवलं, मी डावीकडे बसलो. तिनं बोटं मांडीवर पुसली. सुरू.

पहिला विषय. मी तिसऱ्या पानाच्या खाली पाहिलं. जिथे मी खोडलं होतं तिथे, त्याच करड्या डागावर, नव्या पेन्सिलीनं, मराठीत, ठळक लिहिलं होतं:

पान्या, लवकर!

मोठ्यानं वाचावंसं वाटलं. पण गुणगुणायचं नाही, श्वासही हळू. उठलो, उलटलं. टिंबांपाशी मागे गेलो, पुन्हा तेच पान, पुन्हा तीच अक्षरं. म्हणजे तिनं पाहिलं होतं. आणि तरीही मला बोलावलं होतं.

सातव्या पानाच्या खाली कागद लोकरीसारखा झालाय, त्यावर अक्षरं धड उमटलीही नव्हती. "पान्या" एवढंच वाचता येत होतं. खोटं घर आलं. तोच पहिला विषय, चुकीच्या सुरात. या वेळी मला तो आधीच ऐकू आला. सोनाटा शिकलो म्हणतात ते एवढंच असावं, घर आणि घरासारखं यातला फरक कळणं. कालचा विचारही तिथेच बसला होता, माझ्या शेजारी. मी उठलो. कोपरा धरला. एक माप. अर्धं. उलटलं.

तिचे हात सुटले ते थांबलेच नाहीत. नववं पानही वेळेवर गेलं. मग परतणं. दुसरा विषय घरच्या सुरात आला, आणि बाई म्हणाल्या होत्या ते खरंच ऐकू आलं. मला वाटलं होतं तसं ते लग्नाघरासारखं नव्हतं. कुणीतरी सामान बांधून दारात उभं आहे आणि फार आनंदानं बोलतंय, तसं होतं.

मीच उलटलं. हेही लिहून ठेवतो. मीच.

बाहेर पायऱ्यांवर ती माझ्या समोर उभी राहिली. "चेलोवाल्यानं सांगितलं मला जिन्यातलं. मग काल नोटेशन उघडलं तर खुणा गायब. म्हटलं, याला परकी अक्षरं समजत नाहीत, याच्या भाषेत लिहू."

"तू चिडली नाहीस?"

"परीक्षा संपेपर्यंत वेळ नव्हता. आता चिडणार आहे." आणि चिडली. दहा मिनिटं. पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर. शहाणा समजतोस का, कुणाचं नाव लिहायचं ते तुला विचारून लिहू का, त्याचा चेलो फुटला असता तर काय केलं असतंस. मी आयुष्यात पहिल्यांदा उलट बोललो नाही. शेवटी दमली. म्हणाली, "सातव्या पानावर मात्र छान उलटलंस."

"एक विचारू? त्या दिवशी म्हणालीस, ये माझ्या सुरात..."

"पान्या," ती म्हणाली, "ते तुला गप्प करायला म्हटलं होतं." मग जरा थांबून, "अगदी तेवढ्यासाठीच नाही. पण बरंचसं."

बरंचसं म्हणजे किती, हा प्रश्न मी विचारला नाही. प्रगती आहे.

२७ तारीख, शुक्रवार

निवड झाली. तिचीच.

बाईंनी काठी आपटली, या वेळी आनंदानं. मी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात. मामानं खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

चेलोवाल्याकडे गेलो. "माफ करा," मी म्हणालो. त्याचाच शब्द. तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात माझं वादन आहे. साथीच्या पियानोची पानं उलटायला कोणी नाही. याल?" मी हो म्हणालो. "पण आधी पेटी तिसऱ्या मजल्यावर चढवा," म्हणाला. चढवली. भलतीच जड आहे. हा रोज चढवतो.

९ तारीख, गुरुवार

ती आज गेली. बंदरावर मी गेलो नाही. काल सात नंबरच्या खोलीत भेटली तेवढंच. नोटेशन बरोबर नेतेय, म्हणाली. मला वाटलं होतं एखादं पान तरी देईल. तिनं खोडरबर दिलं. "तुझ्या हाताला लागलंय, तुझ्याकडेच राहू दे." हे तिनं हसत म्हटलं आणि मग हसू मध्येच थांबलं. सुबितो.

आज सकाळी मामाबरोबर त्याच खोलीत गेलो. पट्टी पुन्हा अडकलीय. मामाचं डोकं आत, मी एका बोटानं दुसरा विषय वाजवून पाहिला. आधी दूरच्या सुरात. मग घरच्या. मग पुन्हा दूरच्या. तो तिथेच जास्त खरा वाटतो.

"पाना," आतून आवाज.

मी नोटेशनच्या कपाटाकडे वळलो.

"पान नव्हे रे, पाना!"

दिला. संध्याकाळी जेवताना बाबा भाजी वाढून घेत होते. आईकडे न पाहता म्हणाले, "चेलोचं ते कधी आहे?" मला कळायला वेळ लागला की प्रश्न मला आहे. "वीस तारखेला," म्हणालो. "किती वाजता?" त्यांनी विचारलं.

आज ही वही पहिल्या पानापासून वाचली. जाड रेघ, दोन टिंबं. किती वेळा मागे जाऊन तेच तेच वाजवलंय मी. खोडण्यासारखं बरंच आहे, खोडरबरही आहे. खोडत नाही.

पान संपत आलं. खाली उजव्या कोपऱ्यात, जरा ठळक, लिहून ठेवतो.

पान्या, लवकर.